सेकंडहँड ‘हॉट हॅच’ घेतली. आता पिकअप वाढवायचं की आधी गाडी सुधारायची?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा भाचा नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन चिपळूणला घरी आला. पुण्याजवळ एमआयडीसीत नोकरी करतो. पाच वर्षं पैसे साठवले आणि सव्वाचार लाखांत २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली. गाडी ७८,००० किलोमीटर चाललेली. आमच्या आपाने, म्हणजे त्याच्या अम्मीने, दुआ केली, शेजाऱ्यांना मिठाई वाटली. संध्याकाळी पोराने आम्हाला बाजूला घेतलं आणि एक कागद पुढे केला. “मामू, एवढं बघून सांगा. अम्मीला सध्या काही बोलू नका.”

कागदावर एका गॅरेजने दिलेला अंदाज होता. इंजिनाचा रिमॅप ४०,०००, खास एअर फिल्टर ६,०००, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर ३८,०००, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा २६,०००. एकूण १,१०,००० रुपये. पोराकडे शिल्लक होती ७०,००० ची. उरलेले ४०,००० क्रेडिट कार्डावर हप्त्याने, म्हणजे व्याजाने.

आम्ही मिस्त्री नाही. पण पोराने मशवरा मागितला होता, तेव्हा नुसतं “नको रे” म्हणून भागणार नव्हतं. तरुण मुलाला कारण सांगावं लागतं. म्हणून आम्ही दोन जाणत्या मिस्त्र्यांशी बोललो, गाडीची माहिती वाचली, कायदा पाहिला. अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे, म्हणून ते सगळं इथे मांडत आहोत.

हॉट हॅच म्हणजे काय?

रोजच्या वापरातली छोटी, मागचं दार वर उघडणारी गाडी म्हणजे हॅचबॅक. त्याच गाडीत जास्त ताकदीचं इंजिन आणि पक्की पकड देणारी चाकं-ब्रेक बसवले की तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. जर्मनीत १९७६ मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. त्या गाडीची ताकद होती ११० पीएस, आणि वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास. म्हणजे तिची मजा हलकेपणात आणि वळणावरच्या पकडीत होती, नुसत्या ताकदीत नव्हती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या थोड्याच आल्या. २०१३ मध्ये १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय आली. २०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटो, २०१७ मध्ये बलेनो आरएस, २०२१ मध्ये १२० पीएसची आय-२० एन लाइन. पोलो आपल्या चाकणला बनायची, पुंटो रांजणगावला. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, बलेनो आरएस आणि पुंटो त्याआधीच बंद झाल्या. त्यामुळे यांतली बहुतेक गाडी आता जुन्या बाजारातूनच मिळते आणि दोन-तीन हातांतून फिरून आलेली असते.

आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी करा

आमच्या सगळ्या चौकशीचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: सेकंडहँड गाडीवर पहिला पैसा तिला मूळ स्थितीत आणायला खर्च करा. ते झाल्यावर ताकद वाढवायची गरज आहे का, ते ठरवा. बहुतेक वेळा गरज राहत नाही.

याचं कारण साधं आहे. आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीची ताकद कागदावर १०५ पीएस असते, पण प्रत्यक्षात तेवढी मिळतेच असं नाही. स्पार्क प्लग झिजलेले असतात, एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो, टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपांतून हवा गळत असते. टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काळा कार्बन साचत जातो. अशा इंजिनाला “पिकअप कमी वाटतं” म्हणून रिमॅप करणं म्हणजे तापात असलेल्या मुलाला शर्यतीत उतरवण्यासारखं आहे. आधी ताप उतरवा.

भाच्याची गाडी आम्ही एका मिस्त्र्याकडे जॅकवर चढवून घेतली. वरून गाडी चकाचक होती. खाली पाहिलं तर पुढचा एक शॉकअप तेल गाळत होता. पुढच्या डिस्क झिजून कडेला धार आली होती. ब्रेक ऑइल काळपट पडलं होतं. मागच्या दोन टायरांवर नक्षी भरपूर दिसत होती, म्हणून आम्हाला ते चांगलेच वाटले. मिस्त्री म्हणाला, “सर, तारीख बघा.”

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं २२१६. म्हणजे २०१६ चा २२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. असे टायर घेऊन पोरगा दर पंधरा दिवसांनी पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून येणार होता, आणि तेही पावसात. आपाला हे कळलं असतं तर तिने गाडीची चावीच लपवली असती.

रिमॅप केल्यावर नेमकं काय होतं?

आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची हे सगळं एक छोटा संगणक ठरवतो. त्यातला प्रोग्रॅम बदलणं म्हणजे रिमॅप किंवा ट्यूनिंग. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून २० ते ३० टक्के ताकद वाढू शकते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात वाढ अगदी थोडी मिळते. तिथे रिमॅपवर पैसे घालण्यात काहीच अर्थ नाही.

म्हणजे रिमॅप हे थोतांड नाही. पोलोसारख्या टर्बो गाडीत फरक जाणवतो. पण ही वाढीव ताकद कुठून येते? कंपनीने इंजिन बनवताना काही सवलत मागे ठेवलेली असते. मे महिन्यातला उन्हाळा, हलकं पेट्रोल, उशिरा केलेली सर्व्हिस, ट्रॅफिकमध्ये तासभर तापलेलं इंजिन, एवढं सगळं सोसावं म्हणून ती असते. रिमॅप ही सवलत वापरून टाकतो. शिवाय ट्यून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेला असेल तर कायम तेच भरावं लागतं. कमी ऑक्टेनवर इंजिनात नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आणि त्याचा मार पिस्टनवर बसतो.

आता गिअरबॉक्सचा हिशेब पाहा. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक आहे. त्याचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलेला आहे. गाडीचा मूळ टॉर्क १७५. म्हणजे ७५ ची मोकळीक. रिमॅपने ३० टक्के वाढ झाली तर टॉर्क होतो सुमारे २२७, आणि मोकळीक उरते २३ च्या आसपास. हे नव्या गिअरबॉक्सचं गणित झालं. ७८,००० किलोमीटर चाललेल्या, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकून क्लच तापलेल्या गिअरबॉक्सचं गणित कोण सांगणार? क्लचचा संच किंवा मेकॅट्रॉनिक हा नियंत्रण करणारा भाग गेला, तर रिमॅपच्या खर्चाहून कितीतरी मोठं बिल समोर येतं.

२०२० नंतरच्या १.० लिटर पोलोत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा वेगळ्या पद्धतीचा ऑटोमॅटिक आहे. तिथे डीएसजीची काळजी नाही. पण मॅन्युअलमध्ये झिजलेला क्लच वाढीव ताकदीने घसरू लागतो, हे लक्षात असू द्या.

आणि एवढं करून हाती काय येतं? मूळ गाडी शून्यापासून १०० चा वेग दहा सेकंदांच्या आत गाठते. रिमॅपने त्यातले एक-दीड सेकंद कमी होतील. आम्ही भाच्याला विचारलं, “घाटात एसटीच्या मागे असताना हा दीड सेकंद कुठे वापरणार?” पोरगा हसला, पण विचारात पडला.

पैसे जिथे खरंच कामी येतात

वेग वाढतो तेव्हा थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हे गणित शाळेतलंच आहे. वेग ८० वरून १०० केला, म्हणजे सव्वापट केला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. १०० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. समोर बैल आला हे डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर कापलं जातं. म्हणून कुठल्याही वेगवान गाडीत पहिली सुधारणा थांबण्याची करावी. तिचा क्रम असा लावता येईल:

१. टायर. गाडी रस्त्याला चार तळहातांएवढ्या रबरानेच टेकलेली असते. चारही टायर एकाच जातीचे, ताज्या तारखेचे आणि कंपनीने सांगितलेल्या मापाचे घ्या. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद, पण कोकणातल्या पावसासाठी तेवढी वाट पाहू नका. हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणेच भरा.

२. ब्रेक. चांगले पॅड, गरज असेल तर नव्या डिस्क, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. घाट उतरताना गिअर खाली घेऊन उतरा, सतत ब्रेकवर पाय ठेवू नका.

३. शॉकअप आणि रबर बुश. शॉकअप बाद झाला की खड्ड्यावर चाक उडतं, आणि हवेतलं चाक ना वळतं ना थांबतं. कंपनीच्या दर्जाचे नवे शॉकअप बसवले तरी जुनी गाडी नव्यासारखी वाटू लागते. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मात्र आपल्या रस्त्यांना नकोत. एका स्पीडब्रेकरला इंजिनाखालचं चेंबर फुटलं की सगळी हौस तिथेच संपते.

४. इंजिनाची नेहमीची देखभाल. हँडबुकमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेआधी बदललं तरी चालेल, उशिरा नको. टर्बोचं आयुष्य ऑइलवर असतं. सोबत स्पार्क प्लग, फिल्टर आणि कूलंटची गळती तपासा.

महागडा एअर फिल्टर एकट्याने काही करत नाही, फक्त आवाज बदलतो. स्वच्छ मूळ फिल्टर पुरेसा आहे.

सायलेन्सर, शेजारी आणि कायदा

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल आम्ही भाच्याला स्पष्ट सांगितलं. आपल्या गल्लीत फजरची जमात सुटते तेव्हा कोणाच्या घरी तान्हं बाळ झोपलेलं असतं, कोणाची आजारी आई रात्रभर जागून नुकती डोळा लावते. आपल्या हौसेसाठी शेजाऱ्याला त्रास, हे आपल्या दीनमध्ये बसत नाही. आणि हा त्रास देणारा पोरगा कोणाचा, हे मोहल्ला लगेच ओळखतो.

कायद्याची बाजूही माहीत असायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकमधल्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ क बदललं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली वेगळी शिक्षा आहे, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सवरही गदा येते. सायलेन्सरसोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला सांगणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका. धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

विम्याचा मुद्दा याहून मोठा आहे. गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर अपघातानंतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कापला किंवा नाकारला जाऊ शकतो. चाळीस हजारांच्या रिमॅपपायी चार लाखांच्या गाडीचं संरक्षण धोक्यात घालणं शहाणपणाचं नाही.

आधीच्या मालकाने काही केलं होतं का?

या जातीची गाडी विकत घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा. अनेक जण गाडी रिमॅप करतात, दोन-तीन वर्षं पळवतात आणि विकताना प्रोग्रॅम मूळ करून देतात. पण झिजलेला क्लच आणि थकलेला टर्बो मूळ होत नाही. सर्व्हिसची सगळी बिलं मागा. गाडी अधिकृत वर्कशॉपला नेऊन स्कॅन करून घ्या, तिथे जुन्या ट्यूनच्या खुणा कधीकधी सापडतात. मूळ सायलेन्सरचे नट नुकतेच उघडल्यासारखे चमकत असतील तर चौकशी करा. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर येतो का, पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका बसतो का, हे पाहा.

आणि उद्या आपण विकायला निघालो तर हाच नियम आपल्यालाही लागू आहे. मालातला ऐब लपवून विकणं आपल्याकडे नाजायज मानलं जातं. गाडीत काही बदल केला असेल तर घेणाऱ्याला सांगावं लागेल, आणि सांगितलं की भाव पडेल. बदलांवर घातलेला पैसा विक्रीत परत येत नाही. त्यातही पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१५ च्या गाडीला २०३० मध्ये फेरनोंदणी करावी लागणार, तेव्हा आरटीओपुढे गाडी मूळ रूपातच उभी करावी लागेल.

मग रिमॅप कधी करावा?

कधीच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. गाडीची सगळी देखभाल पूर्ण झाली आहे, गिअरबॉक्स तपासून ठणठणीत निघाला आहे, आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून त्यांचं उत्तर लेखी हातात आहे, उद्या गिअरबॉक्स गेला तर त्याचा खर्च बाजूला ठेवलेला आहे आणि घरची कुठलीही गरज अडलेली नाही, एवढ्या सगळ्या गोष्टी जमल्या तर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने ठरवावं. हौस करणं गुनाह नाही. पण व्याजाचे पैसे काढून केलेली हौस आणि जुने टायर तसेच ठेवून वाढवलेली ताकद, यांना आम्ही इसराफच म्हणू. पहिल्यात बरकत नाही, आणि दुसऱ्यात जिवाशी खेळ आहे.

भाच्याने शेवटी काय केलं, तेही सांगतो. त्याने क्रेडिट कार्डाला हात लावला नाही. चार टायर ३०,०००, पुढचे पॅड आणि डिस्क ११,०००, ब्रेक ऑइल १,५००, शॉकअप आणि त्यांचे माउंट १७,५००, ऑइल, प्लग आणि फिल्टर ८,०००. एकूण ६८,००० रुपये, सगळे रोख. आणि आमच्या सांगण्यावरून तो कागद त्याने अम्मीलाही दाखवला. आपा दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, “टायरवाले पैसे ठीक आहेत.”

जुलैच्या पावसात तो आम्हाला घेऊन कुंभार्ली घाट उतरला. धुकं होतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. एका वळणावर समोरून ट्रक पार मधोमध आला. पोराने ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत, आपल्याच लेनमध्ये थांबली. ट्रक निघून गेला. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, “मामू, आधीच्या टायरवर ही थांबली नसती.” आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि त्याला सावकाश चालवायला सांगितलं.

रिमॅपचा कागद अजून त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं होतं. सहा महिने केव्हाच होऊन गेले. त्याने अजून विषय काढलेला नाही.